कादंबरीचे नभोनाट्यरूपांतर

कादंबरीतील कथानक, पात्रे व वातावरण केवळ संवाद, निवेदन, ध्वनिपरिणाम, संगीत आणि निःशब्दता यांच्या साहाय्याने साकार करणारा नभोनाट्याचा एक प्रकार. दृश्याचा अभाव ही या माध्यमाची मर्यादा, तशीच शक्तीही होय. कारण स्थळांची व व्यक्तींची चित्रे श्रोत्याच्या कल्पनेतच पूर्ण होतात.

अमेरिकेत ऑर्सन वेल्स याच्या नाट्यसंस्थेने ११ जुलै १९३८ रोजी ब्रॅम स्टोकरच्या ड्रॅक्युला (१८९७) या कादंबरीने आपली नभोवाणी-मालिका सुरू केली. पत्रे व रोजनिशा यांतून उलगडणारी ही कादंबरी अनेक निवेदकांच्या आवाजांना अनुकूल होती. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला एच. जी. वेल्सच्या द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स (१८९८) या कादंबरीचे रूपांतर बातमीपत्रांच्या स्वरूपात सादर झाले. काही श्रोत्यांना ते खरे वाटले. मात्र देशव्यापी घबराटीची वृत्तपत्रीय वर्णने अतिरंजित असल्याचे पुढे संशोधकांनी दाखविले.

रूपांतरात उपकथानके व प्रदीर्घ वर्णने गाळावी लागतात, तसेच पात्रांच्या आवाजांतील भेद स्पष्ट राखावा लागतो. त्यामुळे शब्दनिष्ठेपेक्षा मूळ कृतीची निवेदनदृष्टी जपणे महत्त्वाचे ठरते. ती हरवल्यास केवळ घटनांचा सारांश उरतो; ती टिकल्यास परिचित कादंबरीही श्रोत्याला नव्याने भेटते.