एका रात्रीची नोंद, पिढ्यांचा माग

राजघराणी आणि सरदार यांच्या वंशावळी जपण्यासाठी भाट, कारकून आणि दफ्तरे असतात. शेतमजूर, कोळी, विणकर आणि खाणकामगार यांच्या वाट्याला असे दफ्तर क्वचितच येते. या बाबतीत स्कॉटलंड हा देश भाग्यवान म्हणावा लागेल. १८४१ पासून तेथे दर दहा वर्षांनी झालेल्या जनगणनेत घरातील प्रत्येक व्यक्तीचे नाव लिहिले गेले आणि त्या वह्या बहुतांशी जपल्याही गेल्या. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा दूरदेशी विखुरलेले स्कॉटिश वंशज आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचे गाव, घर आणि धंदा शोधून काढतात, ते प्रामुख्याने याच वह्यांच्या आधारे.

मात्र या वह्या वाचण्याचेही एक शास्त्र आहे. जनगणना सांगते ती एका रात्रीची गोष्ट. त्या रात्री घरात कोण झोपले होते, एवढेच तिला ठाऊक असते. आदल्या आणि पुढच्या दहा वर्षांविषयी ती मौन बाळगते. हे ध्यानात न घेतल्यास भलत्याच कुटुंबाला आपले पूर्वज मानण्याची चूक सहज घडते.

शिरगणतीपासून नामनोंदीकडे

स्कॉटलंडची लोकसंख्या मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न १७५५ चा. एडिंबराचे धर्मोपदेशक अलेक्झांडर वेब्स्टर यांनी ठिकठिकाणच्या धर्मगुरूंकडून माहिती मागवून १२,६५,३८० हा आकडा सिद्ध केला. सरकारी जनगणना १८०१ मध्ये सुरू झाली आणि त्या वर्षी लोकसंख्या १६,०८,४२० भरली. परंतु १८०१ ते १८३१ या चार जनगणना म्हणजे केवळ शिरगणती होती. माणसे मोजली गेली, त्यांची नावे सरकारला नको होती. काही मोजक्या गावी स्थानिक मंडळींनी स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या नावांच्या याद्या योगायोगाने टिकल्या आहेत. पण तो अपवाद होय.

नावांसह पहिली जनगणना ६ जून १८४१ रोजी झाली. १८४१ आणि १८५१ च्या गणनांचा कारभार लंडनहून चालला. स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली, आणि १८६१ पासून जनगणनेचे कामही तेथील महानिबंधकाकडे आले. पुढे १९४१ मध्ये महायुद्धामुळे गणना झाली नाही.

गणनेची रीत साधी होती. ठरलेल्या दिवसापूर्वी प्रगणक घरोघरी छापील तक्ते वाटीत असे. कुटुंबप्रमुखाने ते भरायचे, आणि त्याला लिहिता येत नसेल तर प्रगणकाने मदत करायची. नंतर तक्ते गोळा करून प्रगणक त्यांतील मजकूर आपल्या वहीत उतरवून काढीत असे. आज पाहावयास मिळतात त्या या वह्या. मूळ तक्ते जपले गेले नाहीत. म्हणजे अभ्यासकाच्या हाती येते ती नक्कल. घरच्याने सांगितलेले, प्रगणकाने ऐकलेले आणि पुन्हा वहीत उतरवलेले, अशा प्रवासात आडनावाचे एखादे अक्षर किंवा वयाचा एखादा आकडा बदलणे स्वाभाविक आहे.

दशकागणिक वाढत गेलेले प्रश्न

कोणत्या वर्षीच्या वहीत काय सापडेल हे आधी माहीत असले, तर पुष्कळ वेळ वाचतो. १८४१ ची नोंद सर्वांत त्रोटक आहे. पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याचा नियम असल्याने ३८ वर्षांचा माणूस वहीत ३५ चा दिसतो. कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिलेले नाही, त्यामुळे एका छताखालची स्त्री ही पत्नी, बहीण की मोलकरीण, हे त्या नोंदीवरून ठरविता येत नाही. जन्मस्थळ म्हणून मुख्यतः ‘याच परगण्यात जन्म झाला की नाही’ असे ढोबळच नमूद आहे.

खरी उपयुक्त माहिती १८५१ पासून मिळू लागते. नेमके वय, नाते, विवाहित की अविवाहित, व्यवसाय आणि मुख्य म्हणजे जन्माचा पॅरिश, अर्थात चर्चच्या व्यवस्थेतील गाव-परगणा, या सर्वांची नोंद या वर्षापासून आहे. जन्माचा पॅरिश हाती लागला की १८५५ पूर्वीच्या चर्च-नोंदवह्यांचे दार उघडते.

१८६१ पासून स्कॉटलंडच्या तक्त्यात एक वेगळा प्रश्न आला. घरात खिडकी असलेल्या खोल्या किती? त्या वर्षी सुमारे एक तृतीयांश कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे उघड झाले. वंशावळीच्या अभ्यासकाला नावांपलीकडे पूर्वजांच्या राहणीचे दर्शन घडते ते या रकान्यात. आठ माणसे आणि एक खिडकीवाली खोली, असे दोन आकडे शेजारी-शेजारी वाचले, की पुढच्या पिढीने जहाजाचे तिकीट का काढले याचा काहीसा उलगडा होतो.

१८८१ मध्ये गेलिक भाषेविषयी प्रथमच विचारणा झाली. ती भाषा ‘नेहमी’ बोलणाऱ्यांचीच नोंद करावयाची होती, तेव्हा संख्या २,३१,५९४ भरली. १८९१ मध्ये फक्त गेलिक बोलणारे आणि गेलिक व इंग्रजी दोन्ही बोलणारे असे दोन गट करण्यात आले आणि संख्या २,५४,४१५ झाली. दहा वर्षांत भाषा फोफावली असे नव्हे. प्रश्न बदलला की उत्तर बदलते, याचे हे बोलके उदाहरण आहे. १९११ च्या गणनेत विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षे झाली, किती अपत्ये जन्मली आणि त्यांपैकी किती हयात आहेत, असेही विचारले गेले.

शोध कोठे आणि कसा घ्यावा

स्कॉटलंडमधील जनगणनेच्या नोंदी शंभर वर्षे गोपनीय ठेवल्या जातात. १९११ च्या नोंदी २०११ मध्ये, तर १९२१ च्या नोंदी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुल्या झाल्या. त्यामुळे १८४१ ते १९२१ अशा नऊ गणना आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत.

या सर्व वह्यांच्या पानांच्या प्रतिमा ‘स्कॉटलंड्स पीपल’ या अधिकृत संकेतस्थळावर पाहता येतात. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड ही सरकारी संस्था ते चालवते. नाव नोंदविल्यावर सूचीत शोध घेणे विनामूल्य आहे. मूळ पानाची प्रतिमा उघडण्यासाठी मात्र शुल्क भरावे लागते. एडिंबरा येथे प्रत्यक्ष जाऊ शकणाऱ्यांसाठी याच संस्थेचे अभ्यास केंद्रही आहे. ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर जुन्या गणनांच्या सूची विनामूल्य पाहता येतात, तर ‘फ्रीसेन’ हा स्वयंसेवकांनी चालवलेला उपक्रम काही परगण्यांच्या नोंदी उतरवून मोफत देतो. ‘अ‍ॅन्सेस्ट्री’ आणि ‘फाइंडमायपास्ट’ या व्यापारी संकेतस्थळांवर स्कॉटलंडच्या जुन्या गणनांचा टंकलिखित मजकूर मिळतो. अशी नक्कल दिशा दाखवण्यास पुरेशी असली, तरी निष्कर्ष काढण्यापूर्वी मूळ पान पाहणे आवश्यकच ठरते.

शोधाची सुरुवात ज्ञाताकडून अज्ञाताकडे असावी. १९२१ किंवा १९११ मध्ये निश्चित सापडणारी व्यक्ती आधी पकडावी आणि मग एकेक दशक मागे जावे. एकदम १८४१ मध्ये उडी घेतल्यास त्याच नावाची दहा माणसे समोर उभी राहतात. एखादे कुटुंब सापडलेच नाही, तर वही गहाळ असण्याची शक्यताही तपासावी. फाइफ परगण्यातील किर्कॅल्डी, कुपर, लेस्ली आदी अनेक पॅरिशच्या १८४१ च्या वह्या आज अस्तित्वात नाहीत. शिवाय गणनेच्या रात्री माणूस घरी असेलच असे नाही. तो इस्पितळात, तुरुंगात, जहाजावर किंवा सीमेपलीकडे इंग्लंडमध्येही असू शकतो. १९२१ ची गणना औद्योगिक अशांततेमुळे एप्रिलऐवजी १९ जूनला झाली. ऐन सुटीच्या दिवसांमुळे बूट बेटावरील रोथसेसारख्या पर्यटनस्थळी पाहुण्यांचीच गर्दी नोंदली गेली.

नावांचा गुंता

स्कॉटिश नावे शोधताना शुद्धलेखनाचा आग्रह सोडावा लागतो. ‘मॅक’ने सुरू होणारी आडनावे तीन-चार प्रकारे लिहिली जात. गेलिक नावे इंग्रजीत आणताना डोनाल्डचा डॅनियल होई, तर जॅनेट ही वहीत जेसी म्हणून येई. सूचीत शोधताना संशयास्पद अक्षरांच्या जागी तारांकन वापरल्यास असे पर्याय एकत्र सापडतात. विधवा स्त्री काही वेळा माहेरच्या आडनावाने नोंदलेली आढळते, कारण स्कॉटलंडमध्ये विवाहानंतरही स्त्रीचे माहेरचे नाव कागदोपत्री टिकून राहत असे.

नाव ठेवण्याची तेथील जुनी प्रथाही मदतीस येते. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, पहिल्या मुलीला आईच्या आईचे तर दुसरीला वडिलांच्या आईचे नाव देण्याची रीत होती. नातवाला आजोबांचे नाव ठेवणाऱ्या मराठी घरांना हे नवल वाटणार नाही. मुलांच्या नावांवरून आजी-आजोबांच्या नावांचा अंदाज बांधता येतो. परंतु तो अंदाजच असतो, पुरावा नव्हे.

जे वहीत येत नाही

जनगणनेचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही एकत्र पाहायच्या असतील, तर सेंट किल्डाकडे वळावे लागते. स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात असलेल्या या एकाकी बेटावर १८५१ मध्ये ११० माणसे नोंदली गेली. १८६१ च्या वहीत ७८ च आहेत. मधल्या काळात, १८५२ मध्ये, ३६ जण ‘प्रिसिला’ या जहाजाने ऑस्ट्रेलियास निघाले होते आणि त्यांतील अनेक जण गोवराच्या साथीने वाटेतच दगावले. वही फक्त आकडा घटल्याचे सांगते. कारण दुसरीकडे शोधावे लागते.

या बेटावर गिलिस, फर्ग्युसन, मॅकडोनाल्ड, मॅककिनन आणि मॅकक्वीन अशी मोजकीच आडनावे उरली होती. एकाच नावाच्या दोन व्यक्ती वेगळ्या काढण्यासाठी आईचे माहेरचे नाव लागते, आणि ते जनगणनेत नसते. ते मिळते जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदींत. त्याहून गंभीर बाब बालमृत्यूंची. एकोणिसाव्या शतकात तेथे अनेक नवजात बालके धनुर्वाताने आठवड्याभरातच दगावत. दोन गणनांच्या मधल्या काळात जन्मलेले आणि मरण पावलेले मूल कोणत्याच वहीत येत नाही. वहीतील तीन मुलांचे सुखी दिसणारे कुटुंब प्रत्यक्षात आणखी चार-पाच दफने पाहिलेले असू शकते. म्हणूनच जनगणनेची नोंद मृत्यूच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्याखेरीज कुटुंबाचा इतिहास पुरा झाला, असे मानता येत नाही.

मुंबई इलाख्याचा धागा

या वह्यांचा एक धागा महाराष्ट्रापर्यंतही पोहोचतो. मुंबई इलाख्यात स्कॉटिश सैनिक, डॉक्टर, व्यापारी आणि मिशनरी मोठ्या संख्येने होते. विल्सन महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते जॉन विल्सन स्कॉटलंडमधील लॉडर गावचे. अशा कुटुंबांतील मुले शिक्षणासाठी मायदेशी पाठवली जात. आजीच्या घरी किंवा वसतिगृहात नोंदलेल्या एखाद्या मुलापुढे जन्मस्थळ ‘ईस्ट इंडीज’ असे आढळते. त्याचे आईवडील भारतात असल्याने त्या वहीत नसतात. त्यांचा माग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दफ्तरात, मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींत काढावा लागतो.

भारतीय कुटुंबांना मात्र असा आधार नाही. येथील जनगणनेतील व्यक्तिगत नोंदी पाहण्यास १९४८ च्या जनगणना कायद्याने मनाई आहे आणि शंभर वर्षांनंतर त्या खुल्या करण्याची स्कॉटलंडसारखी पद्धतही नाही. मराठी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात ती नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. तेथील नोंद यात्रेकरूने स्वतः सांगितलेली, वंशाचे भान ठेवून केलेली असते. स्कॉटलंडची नोंद सरकारने विचारलेली असते. दोन्हींत काय सांगितले गेले याइतकेच काय वगळले गेले, हेही महत्त्वाचे ठरते.

अभ्यासकांचे लक्ष आता १९३१ च्या गणनेकडे लागले आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या त्या वर्षीच्या नोंदी १९४२ मधील आगीत नष्ट झाल्या. स्कॉटलंडच्या मात्र सुरक्षित आहेत आणि शंभर वर्षांची मुदत संपल्यावर त्या खुल्या होतील. सेंट किल्डाची अखेरची ३६ माणसे २९ ऑगस्ट १९३० रोजी बेट सोडून मुख्य भूमीवर आली होती. त्यामुळे १९३१ च्या वहीत त्या गावाचे घर सापडणार नाही. तेथील माणसे सापडतील ती मॉर्व्हर्नसारख्या परक्या पॅरिशमध्ये, नव्या पत्त्यावर. जन्मस्थळाच्या रकान्यात मात्र त्यांच्यापुढे जुन्या बेटाचेच नाव शोधावे लागेल.