खात्यात चार लाख, तरी भाड्याला पैसे नाहीत: युवा संस्थेचा हिशेब कसा चालतो

तुमच्यातले बरेच जण आत्ता कंपनीच्या बसमध्ये असणार, आणि बस बहुधा चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेली असणार. म्हणजे वेळ भरपूर आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप.

मी चिंचवडला एका सीएच्या ऑफिसात काम करतो. धर्मादाय संस्थांचे ऑडिट माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे मला सारखा एक प्रश्न येतो: "दादा, आम्ही पोरांनी मिळून अभ्यासिका सुरू केलीय, कॉम्प्युटरचा क्लास पण घेतो. इथे एवढ्या कंपन्या आहेत, सीएसआर मिळेल ना?"

मिळेल की. पण मिळाल्यावर काय होतं, ते आधी ऐका.

आधी नोंदणीचं पटकन उरकतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. आपल्याकडे त्याच संस्थेची १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते, म्हणजे तुम्ही धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत आलात. पिंपरी-चिंचवड असो नाहीतर खेड तालुका, ऑफिस पुण्यातच. नोंदणी नसताना नुसता मंडळाच्या नावाने निधी गोळा करायचा तर त्याच कायद्याच्या ४१-क कलमाखाली परवानगी लागते. गणपती मंडळात काम केलेल्यांना हे कलम पाठ असेल. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. ३१ मार्चला हिशेब बंद, पुढच्या सहा महिन्यांत ऑडिट. यातलं बदल अर्जाचं काम सगळ्यात जास्त तुंबतं. मग पाच वर्षांनी बँक विचारते की सही करणारे हे नवे खजिनदार नक्की कोण, आणि खातं गोठतं.

हे कागद सरळ आहेत, शिकता येतात. संस्था बंद पडताना मी पाहिल्यात त्या बहुतेक वेगळ्याच कारणाने.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझे, पण अशी पत्रकं मी दर महिन्याला बघतो. समजा महाळुंग्याला तुमचं प्रशिक्षण केंद्र आहे. एका कंपनीने १२० मुला-मुलींच्या प्रशिक्षणासाठी वर्षाला १२ लाख मंजूर केले. त्यात दोन प्रशिक्षकांचे महिना ५० हजार, समन्वयकाचे २८ हजार, आणि परीक्षा फी, साहित्य, प्रवास मिळून वर्षाचे २ लाख ६४ हजार. बेरीज बरोबर १२ लाख. फोटो निघाला, पेढे वाटले.

आता जागेचं भाडं? ३५ हजार. वीज आणि नेट? ९ हजार. किर्द लिहिणारा, व्हाउचर लावणारा माणूस? अर्धवेळ म्हटला तरी ८ हजार. महिन्याला ५२ हजार, वर्षाला ६ लाख २४ हजार. हे कोण देणार? करारात कुठेच नाही. कंपनीच्या अहवालात एका मुलामागे १० हजार खर्च दिसतो. खरा खर्च आहे १५ हजार २००. मधले ५ हजार २०० कुणाच्या तरी खिशातून जातात. बहुतेक वेळा समन्वयक ताईंच्या, कारण पगार थांबवायची वेळ आली की पहिला त्यांचा थांबतो.

आणि हप्ता आलाय, खात्यात चार लाख दिसतायत. मग द्या ना त्यातून भाडं? नाही देता येत. ते पैसे नाव घालून आलेत. २०२१ पासून सीएसआरचे नियम कडक झालेत: कंपनीने संस्थेला पैसे दिले म्हणजे खर्च झाला असं धरत नाहीत. ते ठरल्या कामावर वापरले गेले, याची खात्री कंपनीच्या वित्त प्रमुखाला द्यावी लागते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये उपयोगिता प्रमाणपत्रासाठी फोनवर फोन येतात. खतावणीत प्रत्येक देणगीदाराचं वेगळं पान हवं ते याचसाठी. प्रशिक्षणाच्या पैशातून भाडं दिलंत, की पुढचा हप्ता अडकला म्हणून समजा.

आता इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण बैठकीत हमखास ऐकवली जाते: "ऍडमिनला पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही." हा पाच टक्क्यांचा नियम खरा आहे, पण तो कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. प्रकल्प राबवायला थेट लागणारा खर्च त्या मर्यादेत मोजत नाहीत. वर्ग ज्या खोलीत भरतो तिचं भाडं हा माझ्या मते सरळ प्रकल्पाचा खर्च आहे, आणि तो अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच लिहायचा. कंपनी नाही म्हणू शकते, तो तिचा अधिकार. पण "कायद्यात बसत नाही" हे उत्तर मुकाट ऐकून घेऊ नका. (परदेशी देणगीचं गणित वेगळं. तिथे २०२० पासून प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा खुद्द संस्थेवरच आहे. दोन्ही नियमांची खिचडी करणारे भेटतातच.)

दुसरी अडचण वेळेची. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण मंजुरी, करार, पहिला हप्ता होईपर्यंत जुलै संपतो. पगार मात्र दर महिन्याच्या एक तारखेला. आपल्या उदाहरणात महिन्याचा ठरलेला खर्च १ लाख ३० हजार. चार महिन्यांचे झाले ५ लाख २० हजार, तेही साहित्य आणि परीक्षा फी सोडून. एवढी शिल्लक नसेल तर केंद्र जूनमध्येच आचके देतं. मधेच वर्ग बंद झाला की भोसरी-निगडीहून शिफ्ट संपवून येणारी पोरं पुन्हा येत नाहीत हो.

मग अध्यक्ष म्हणतात, "मी घालतो दोन लाख, हप्ता आला की परत घेतो." मन मोठं आहे, पण थांबा. विश्वस्ताने संस्थेसाठी कर्ज घ्यायला कलम ३६-अ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अध्यक्षांचे हे "परत घेतो" म्हणून दिलेले पैसे ताळेबंदात कर्ज म्हणूनच दिसणार, आणि ऑडिटमध्ये शेरा येणार. परत घ्यायचे नसतील तर देणगीची पावती फाडा, विषय संपला.

म्हणजे लागतो तो मोकळा पैसा, कुणाचं नाव न घातलेला. सीएसआरमधून कॉर्पस, म्हणजे कायम निधी, आता देताच येत नाही. मग तो आणायचा कुठून?

आपल्या राज्यात याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी शोधलं गेलंय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृह चालायचं ते घराघरातून आलेल्या मूठ-मूठ धान्यावर. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे आपण शाळेत भक्तिभावाने ऐकतो. मी मात्र ते हिशेबनीसाच्या नजरेने ऐकतो: राखीव निधी नव्हता, म्हणून घरातल्या बाईच्या गळ्यातलं गेलं.

आजची मूठ म्हणजे यूपीआय ऑटोपे. महिन्याला २०० रुपये देणारे २६० जण जमले की बरोबर ५२ हजार होतात. भाडं, वीज, नेट आणि किर्दवाला, सगळं निघालं. तुमच्या केंद्रातून शिकून नोकरीला लागलेली पोरं मोजा, दोन-तीन वर्षांत तेवढी होतात. त्यांच्याकडे मागायला लाजू नका. क्यूआर कोड मात्र संस्थेच्या खात्याचा हवा, खजिनदाराच्या मोबाइलचा नको. खजिनदार कितीही सरळ असला तरी त्याच्या खात्यात आलेला पैसा कागदावर त्याचाच दिसतो. देणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून पावती द्या. ८०-जी मिळालं असेल तर कर सवलतीसाठी रोख देणगी २ हजारांपर्यंतच चालते, त्यामुळे ऑनलाइन बरं. नव्या आयकर कायद्याने एप्रिल २०२६ पासून कलमांचे आकडे बदललेत. आपण अजून ८०-जीच म्हणतो, पण अर्ज भरताना नवा आकडा बघून घ्या.

अजून एक. करमुक्त संस्थेने उत्पन्नाचे ८५ टक्के कामावर खर्च करायचे असतात, १५ टक्के मागे ठेवता येतात. अनेक विश्वस्तांना वाटतं शिल्लक दिसली तर लोक नावं ठेवतील, म्हणून मार्चमध्ये सगळं संपवून टाकतात. ठेवू देत की नावं! त्या १५ टक्क्यांतूनच पुढच्या एप्रिलचे पगार व्हायचेत.

तुम्ही एखाद्या संस्थेत स्वयंसेवक असाल तर एवढं करा: मागच्या वर्षीचा ताळेबंद मागून घ्या आणि खजिनदारांना विचारा, "काका, यातले मोकळे पैसे किती?" उत्तर आलं की मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात कंपनीच्या कराराचा एक नमुना घेऊन त्यातला भाड्याचा रकाना कसा लिहायचा, ते ओळीने बघू.