परगावातलं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, लेकराला ताप आला की आपण काय करतो? कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवतो, गावातल्या डॉक्टरांना दाखवतो, सासूबाई दृष्ट काढतात, शेजारीण पेज आणून देते. चार दिवसांत पोर अंगणात पळू लागतं. पण ताप हटेचना, अंगावर निळसर डाग उठले, पोर पांढरंफटक पडलं आणि रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, ‘मुंबईला टाटात न्या’, तर?

सोयगावहून निघालेल्या आईचा विचार करा. पाचोऱ्यापर्यंत एस.टी., तिथून रेल्वे. कडेवर पोर, खांद्याला रिपोर्टांची पिशवी, आणि घरी कपाशी वेचणीला आलेली. परळला डॉक्टर सांगतात, ‘मुलांचा हा रक्ताचा कर्करोग पूर्ण उपचार घेतले तर बऱ्याचदा बरा होतो. पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, आणि सुरुवातीचे काही महिने इथंच राहावं लागेल.’ पहिल्या वाक्यानं आलेला धीर दुसऱ्यानं खचतो. राहायचं कुठं?

हा प्रश्न औषधाइतकाच मोठा आहे बरं का! राहायची सोय नाही म्हणून उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतणारी कुटुंबं असतात. आणि अर्धवट उपचार म्हणजे आजाराला पुन्हा दार उघडून देणं.

दारं आहेत, ठोठवावी लागतात

मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानंच, घरापासून दूर विलायतेत वारल्या. त्यानंतर १९४१ साली परळचं टाटा रुग्णालय उभं राहिलं. पण दवाखान्यात खाट मिळाली तरी आईबापांना पाठ टेकायला जागा हवीच. गाडगेबाबांनी हे फार आधी ओळखलं होतं. देवळं बांधण्याऐवजी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते. परळला नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून रुग्णांची सेवा करते. आणि २००६ साली सुरू झालेली सेंट ज्यूड ही संस्था तर खास कर्करोग झालेल्या मुलांसाठीच आहे. मूल आणि आईवडील तिथं विनामूल्य राहतात. स्वयंपाकघर सामायिक, पण चूल आपली. शेजारची आई ओडिशाची असेल, बिहारची असेल. भाषा कळत नाही, पण लेकराचे केस गळाले त्या दिवशी जवळ येऊन बसायला भाषा लागत नाही.

या जागा मागितल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या समाजसेविकेला गाठा. कुठं जागा आहे, कुणाची चिठ्ठी लागते, पैशाची मदत कुठून मिळेल, हे त्यांना ठाऊक असतं. संकोच करू नका. ही भीक नव्हे.

निघण्यापूर्वी

छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तुमच्या मुलाचा सगळा किंवा काही उपचार तिथं होईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि त्यांच्या चार-चार झेरॉक्स बरोबर घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेला ती लागतात. कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत असते. तिचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्या. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. थर्मामीटर विसरू नका. या उपचारात ताप आला की वाट पाहायची नसते, थेट रुग्णालय गाठायचं. पाणी उकळलेलं, अन्न ताजं शिजवलेलं, आणि हात पुनःपुन्हा धुतलेले असू द्या.

घरी राहिलेल्यांनो, तुम्हीसुद्धा!

जावेचं पोर आजारी असेल तर तुमचंही काम मोठं आहे. मागं राहिलेल्या भावंडाची वेणी, डबा, शाळा सांभाळा. त्यालाही आई हवी असते, ते बोलत नाही एवढंच. फोन करा, पण रोज ‘काय म्हणाले डॉक्टर?’ विचारू नका. ‘तू जेवलीस का?’ एवढं विचारा. पोर घरी आलं की बघायला झुंडीनं जाऊ नका, त्याला संसर्गाची भीती असते. आणि हा रोग शिवल्यानं होत नाही. तेव्हा त्या घराचा चहा टाळू नका.

आणि त्या आईला कुणी ‘तुझंच काही चुकलं असेल’ म्हणालं, तर तिथल्या तिथं गप्प करा. तिचं काहीही चुकलेलं नाही. ती लेकरासाठी परक्या गावात चूल मांडून बसली आहे. तिच्या चुलीला एक लाकूड आपलंही असू द्या.