गादी रिकामी राहू नये म्हणून

२०२५च्या जूनमध्ये ब्रेंटफर्ड फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक थॉमस फ्रँक टॉटनहॅमला निघून गेला. त्याच उन्हाळ्यात गोलरक्षक मार्क फ्लेकेन लेव्हरकुसेनला गेला, कर्णधार क्रिस्टियन नॉरगार्ड आर्सेनलला. जुलैत ब्रायन एम्ब्यूमोला मँचेस्टर युनायटेडने उचलले आणि १ सप्टेंबरला, ट्रान्स्फर विंडो बंद व्हायच्या दिवशी, योआन विसा न्यूकॅसलचा झाला. आदल्या हंगामात एम्ब्यूमोने लीगमध्ये २० गोल केले होते, विसाने १९. फ्रँकच्या जागी क्लबने बसवला कीथ अँड्र्यूज. तो इथेच कॉर्नर आणि फ्री किकचा सराव घेत असे आणि मुख्य प्रशिक्षकपद त्याने कुठेच सांभाळलेले नव्हते. यंदा ब्रेंटफर्ड प्रीमियर लीगमधून खाली जाणार, असे इंग्लंडमधल्या अनेक जाणकारांनी हंगामाआधीच लिहून टाकले.

हा क्लब खेळाडू स्वस्तात शोधतो आणि महाग विकतो, एवढे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची दुसरी सवय. माणूस जायच्या आधी त्याच्या जागेचा माणूस घरात आलेला असतो. स्वस्तात माल हेरणारे क्लब युरोपात पुष्कळ आहेत. वारस आधी आणून बसवायचा आणि मगच सौदा करायचा, हा संयम फार थोड्यांकडे आहे.

ब्रेंटफर्ड पश्चिम लंडनमधला, शेजारी चेल्सी आणि फुलहम. जुने मैदान ग्रिफिन पार्क; त्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक पब, ही त्याची मुख्य ख्याती. १९४७नंतर क्लब कित्येक दशके सर्वांत वरच्या श्रेणीत गेलाच नाही. २००६मध्ये चाहत्यांच्या संस्थेने बहुमताचा हिस्सा घेऊन तो तगवला. पुढे मदतीला आला मॅथ्यू बेनहम. हा लहानपणापासूनचा चाहता, ऑक्सफर्डला भौतिकशास्त्र शिकलेला, काही काळ बँकेत आणि मग सट्ट्याच्या धंद्यात. त्याच्या ‘स्मार्टऑड्स’ या कंपनीचे काम म्हणजे सामन्यांची संभाव्यता गणिताने काढून मोठ्या सट्टेबाजांना विकणे. २०१२मध्ये तो क्लबचा मालक झाला.

फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात, म्हणून नशिबाचा वाटा मोठा. बेनहमला हे धंद्यातून माहीत होते. २०१३च्या एप्रिलमध्ये त्याच्या क्लबाला ते भर मैदानात भोगावे लागले. डॉनकास्टरविरुद्धच्या, हंगामातल्या शेवटच्या सामन्यात अखेरच्या क्षणी ब्रेंटफर्डला पेनल्टी मिळाली. गोल झाला असता तर तिसऱ्या श्रेणीतून दुसरीत बढती नक्की. उसन्या आणलेल्या मार्चेल्लो ट्रोट्टाने कर्णधाराच्या हातातून चेंडू घेतला आणि तो थेट क्रॉसबारवर मारला. तिथूनच डॉनकास्टरने धाव घेतली, दुसऱ्या टोकाला गोल केला आणि बढती तेच घेऊन गेले. दुसरा मालक असता तर प्रशिक्षक बदलला असता, खेळाडू हाकलले असते. बेनहमच्या हिशेबात संघ चांगला होता आणि पेनल्टी ही पेनल्टी होती. पुढच्या वर्षी तोच क्लब वर गेला.

किती गोल झाले यापेक्षा किती चांगल्या संधी तयार झाल्या हे मोजायचे, ही त्याची पद्धत. ‘एक्सजी’ हा शब्द आज टीव्हीवरच्या समालोचकांच्याही तोंडी असतो. तेव्हा तो सट्टेबाजांच्या खोलीतला होता. प्रत्येक फटका कुठून, कशा अवस्थेत मारला यावरून तो गोल होण्याची शक्यता काढायची आणि बेरीज करायची. एखादा संघ गुणतक्त्यात विसावा असेल, पण या बेरजेत आठवा. मग तिथल्या खेळाडूंची किंमत बाजाराने कमी लावलेली असते. ब्रेंटफर्डचा पहिला नफा या फटीतून निघाला. फ्रान्सची दुसरी श्रेणी, डेन्मार्क आणि इंग्लंडची तिसरी-चौथी श्रेणी या बाजारांत मोठ्या क्लबांचे लोक फारसे फिरकत नसत.

आता या क्लबच्या सेंटर फॉरवर्डची गादी कशी चालत आली ते पाहू. २०१४मध्ये ल्यूटनहून आंद्रे ग्रे आला. वर्षभरात त्याला बर्नलीने नेले. २०१४च्याच उन्हाळ्यात रॉचडेलहून स्कॉट होगनही आणून ठेवला होता. होगनच्या गुडघ्याचे दोनदा वाटोळे झाले, दीड वर्ष गेले, पण क्लबने त्याला टाकले नाही. तो परतला, गोल करू लागला आणि २०१७च्या जानेवारीत अॅस्टन व्हिलाला विकला गेला. त्या उन्हाळ्यात दोन खेळाडू घेतले. सेंत-एत्येनचा नील मोपे सुमारे १६ लाख पौंडांना आणि चौथ्या श्रेणीतल्या एक्सेटरचा ऑली वॉटकिन्स सुमारे १८ लाखांना. मोपेने २०१८-१९मध्ये लीगमध्ये २५ गोल केले आणि जवळपास २ कोटींना ब्रायटनला गेला. (ब्रायटनचा मालक टोनी ब्लूम हाही सट्ट्यातलाच, आणि बेनहमने एके काळी त्याच्याकडे नोकरी केलेली. जुन्या धन्याने जुन्या नोकराकडून माल घेतला, आणि तोही महाग.)

मोपे गेल्यावर क्लब बाजारात धावला नाही. दोन वर्षे कडेने खेळणाऱ्या वॉटकिन्सला मध्ये आणले. पुढच्या हंगामात त्याचेही लीगमध्ये २५ गोल. २०१९च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या ट्र्वाकडून सुमारे ५८ लाख पौंडांना एक पोरगा आला होता, ब्रायन एम्ब्यूमो. वॉटकिन्स, एम्ब्यूमो आणि नीसहून आणलेला सईद बेनरहमा या तिघांनी ब्रेंटफर्डला २०२०च्या प्लेऑफ अंतिम सामन्यापर्यंत नेले. तिथे फुलहमकडून हार. बढती नाही, म्हणजे वॉटकिन्सला थांबवणेही शक्य नाही.

इथल्या तारखा पाहण्यासारख्या आहेत. पीटरबरोहून आयव्हन टोनी आला ३१ ऑगस्ट २०२० रोजी, सुरुवातीला सुमारे ५० लाख पौंडांना. वॉटकिन्स २ कोटी ८० लाखांना व्हिलाला गेला तो सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. उलट झाले असते तर? खिशात २ कोटी ८० लाख घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला पीटरबरोने ५० लाखांत टोनी दिला असता का? टोनीला न्यूकॅसलने जवळपास वाऱ्यावर सोडले होते. खालच्या क्लबांत उसना फिरवला आणि शेवटी विकून टाकला. ब्रेंटफर्डमध्ये पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये ३१ गोल ठोकले, आणि २९ मे २०२१ला वेम्बलीवर स्वान्सीला २-० हरवून क्लब ७४ वर्षांनी वरच्या श्रेणीत पोचला. एक्सेटरलाही वॉटकिन्सच्या या दुसऱ्या विक्रीतला वाटा मिळाला. चौथ्या श्रेणीतल्या क्लबाला असा वाटा म्हणजे कित्येक वर्षांची बेगमी.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्या प्रेक्षकाला हा बाजार थोडा समजावून घ्यावा लागतो. इथे हातोडा नाही. विकणारा क्लब, घेणारा क्लब आणि स्वतः खेळाडू, तिघांनी हो म्हटल्याशिवाय काही होत नाही, आणि मध्ये एजंट बसलेला असतो. करार संपला की खेळाडू फुकटात निघून जाऊ शकतो. म्हणून कराराची उरलेली वर्षे हीच विकणाऱ्याची खरी ताकद. एक वर्ष उरले की भाव पडू लागतो. ब्रेंटफर्ड बऱ्याच करारांत आणखी एक वर्ष क्लबच्या मर्जीने वाढवण्याची तरतूद करून ठेवतो; एम्ब्यूमोच्या करारात ती होती, आणि घासाघिशीत तिचा उपयोग झाला. हिशेबाच्या वहीचीही एक गंमत आहे. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत करारातल्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच, वाटून लिहिली जाते. विक्रीचा नफा मात्र त्याच वर्षी जमा होतो. तोटा किती करायचा यावर लीगची मर्यादा आहे. त्यामुळे दरवर्षी एखादा मोठा सौदा करणाऱ्या क्लबाला श्वास घ्यायला जागा राहते.

गोलरक्षकाच्या जागीही हेच. डेव्हिड राया २०१९मध्ये ब्लॅकबर्नहून सुमारे ३० लाखांना आला. तो जाणार हे दिसू लागताच २०२३च्या मे महिन्यात फ्लेकेन आणून ठेवला. राया आर्सेनलला गेला ऑगस्टमध्ये. टोनीचा वारस म्हणून ब्राझीलच्या इगोर थिआगोचा सौदा क्लब ब्रुगेशी झाला तो २०२४च्या फेब्रुवारीत, सुमारे ३ कोटींना. टोनी सौदी अरेबियातल्या अल-अहलीला गेला ऑगस्टअखेर. टोनीच्या बाबतीत एक विचित्र योगही होता. सट्ट्याच्या गणितावर उभ्या राहिलेल्या क्लबच्या या सर्वांत मोठ्या खेळाडूवर सट्टा लावण्याचे नियम २३२ वेळा मोडल्याबद्दल २०२३मध्ये आठ महिन्यांची बंदी आली. क्लबने त्याला सांभाळून घेतले, कर्णधारपदाचा दंडपट्टाही नंतर दिला, आणि मग विकले.

प्रशिक्षकही या साखळीतून सुटत नाही. इथे खरेदी प्रशिक्षकाच्या हातात नाही. फिल जाइल्स आणि सुरुवातीच्या वर्षांत रासमुस आंकर्सन या फुटबॉल संचालकांनी ती बघितली. २०१८मध्ये डीन स्मिथ गेला तेव्हा त्याचा सहायक फ्रँक वर चढला. पहिल्या दहापैकी आठ सामने हरला. आकडे सांगत होते की संघ वाईट खेळत नाही, म्हणून त्याला ठेवले. एकूण जवळपास सात वर्षे तो राहिला. अँड्र्यूजची नेमणूक अनेकांना जुगार वाटली. मला ती फ्रँकच्याच नेमणुकीची नक्कल वाटते.

सगळेच जमले असे मात्र नाही. २०१५मध्ये प्रशिक्षक मार्क वॉरबर्टनने संघाला दुसऱ्या श्रेणीत पाचव्या क्रमांकावर आणले असताना, खरेदी कोण ठरवणार यावरून त्याचे मालकाशी पटले नाही आणि तो गेला. त्याच्या जागी आलेला डच प्रशिक्षक मारिनस डाइकहाउझेन जेमतेम नऊ सामने टिकला. २०१६मध्ये क्लबने आपली मुलांची अकादमी बंद केली. गावातली पोरे घडवायची आणि सोळाव्या वर्षी मोठ्या क्लबाने किरकोळ भरपाई देऊन ती न्यायची, यात पैसा वाया जातो हा हिशेब बरोबर होता. मोठ्या अकादम्यांनी नाकारलेल्या अठरा-वीस वर्षांच्या पोरांचा ‘बी’ संघ काढला. त्यातून बाहेर पडलेला ख्रिस मेफॅम १ कोटी २० लाखांना बोर्नमथला गेला. तरी क्लबच्या शेजारच्या गल्लीतल्या दहा वर्षांच्या पोराला आपल्याच क्लबाचे दार बंद, हे मला पटलेले नाही. २०२२मध्ये अकादमी पुन्हा सुरू झाली, ते बरे झाले.

माणसाचा प्रश्नही उरतो. विसाने २०२५मध्ये सराव सोडला आणि आपल्याला जाऊ दिले नाही अशी तक्रार जाहीरपणे मांडली. क्लबने त्याला सोडले ते डांगो वाटारा बोर्नमथहून आल्यानंतरच. धंदा म्हणून ते चोख. पण जो क्लब प्रत्येकाला एक दिवस विकायचेच असे मानतो, त्याने खेळाडूकडून निष्ठेची अपेक्षा ठेवू नये. विसाचा सूर मला आवडला नाही. त्याचे चुकले असेही मी म्हणणार नाही.

आणि थिआगो? तीन कोटींचा हा माणूस पहिल्या हंगामात गुडघ्याने अंथरुणाला खिळवला. लीगमध्ये आठ सामने, गोल शून्य. होगनच्या वेळी जो धीर धरला तोच इथे धरला, आणि तोवर विसाने जागा भरून काढली. विसा गेला तेव्हा थिआगो धावत होता. २७ सप्टेंबर २०२५ला मँचेस्टर युनायटेडचा संघ ब्रेंटफर्डला आला, एम्ब्यूमोसह. पहिल्या वीस मिनिटांत थिआगोने दोन गोल केले. युनायटेडला पेनल्टी मिळाली ती लिव्हरपूलहून आणलेल्या क्वीव्हीन केलेहरने अडवली. सामना ३-१. महिनाभरात लिव्हरपूललाही याच मैदानावर ३-२ हरवले.

तरीही हा खेळ पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. ब्रेक्झिटनंतर परदेशी खेळाडूला गुणांच्या परीक्षेतून कामाचा परवाना मिळवावा लागतो, त्यामुळे मोपेसारखा खालून उचललेला माणूस आता तितक्या सहज आणता येत नाही. आकडेतज्ज्ञ आता सगळ्यांकडेच आहेत. वाटाराला ब्रेंटफर्डने ४ कोटींच्या आसपास मोजले. या पैशात २०१७मध्ये वीसहून जास्त वॉटकिन्स आले असते. १८ लाखांचा अंदाज चुकला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, ४ कोटींचा चुकला तर दोन हंगाम जातात. माझ्या मते यापुढे ब्रेंटफर्डला तारील ती हुशारीपेक्षा शिस्तच, कारण हुशारीची नक्कल झाली आहे, शिस्तीची अजून फारशी नाही. विंडोच्या शेवटच्या रात्री टीव्हीवर आरडाओरडा सुरू झाला की ब्रेंटफर्डने त्या दिवशी कोणाला घेतले हे शोधत बसू नका. आठ-दहा महिने मागे जा आणि तेव्हा कोण गुपचूप आला होता ते बघा.