गिरणीचा हिशेब आणि जातीचा रकाना

कामगार पत्रकारिता म्हणजे संपाच्या बातम्या आणि पुढाऱ्यांची भाषणे, अशी आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांची समजूत आहे. परभणीत विद्यार्थ्यांना शिकवताना ती मला वारंवार आढळते. वास्तविक कष्ट करणाऱ्याच्या घामातून निर्माण झालेली संपत्ती मूठभरांच्या तिजोरीत कोणत्या वाटेने जाते, हे दाखवणे हे या पत्रकारितेचे मुख्य काम होय. त्या दृष्टीने नारायण मेघाजी लोखंडे यांचे कार्य पुन्हा तपासले पाहिजे.

कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकी पत्र लोखंड्यांनी १८८० साली मुंबईत आपल्या हाती घेतले. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरीला होते. त्या काळी गिरणीचा कारभार पाहणाऱ्या एजंटाला नफा-तोट्याचा विचार न करता मालाच्या वजनावर, पौंडामागे पाव आणा असे, कमिशन मिळण्याची पद्धत होती. साहजिकच यंत्र जितके जास्त तास फिरेल तितकी एजंटाची मिळकत वाढे. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कामगार का राबत होता, याचे उत्तर या कमिशनातही आहे.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला भरलेल्या सभांतून मागण्या ठरल्या आणि साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, आणि मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत. ही शेवटची मागणी किरकोळ वाटेल. पण पगार लांबला की कामगार वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर जगतो. उलट त्याचे अडकलेले पैसे मालकाच्या धंद्यात बिनव्याजी फिरतात. गरिबाने श्रीमंताला दिलेले हे कर्जच नव्हे काय? १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंड्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे पहिले दोन भाग ‘दीनबंधु’ने छापले आणि पुढचे छापण्याचे टाळले. सरकारच्या रोषाचे भय छोट्या पत्राला असतेच. पण त्यामुळे शेतकऱ्याचा हिशेब अर्धवट राहिला.

दुसरा हिशेब डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडला. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. बॉबिनचा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याची उष्टी बॉबिन सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बजावले. मालक मजुरी कापतो आणि सोबतचा कामगार दार अडवतो, ही दोन्ही सत्ये ज्या हिशेबात नाहीत तो हिशेब अपुरा आहे.

आमचा जिल्हा कापसाचा. मानवत आणि सेलू या त्याच्या बाजारपेठा. गंगाखेडकडची माणसे ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हाती पडते, आणि बाईचे श्रम हिशेबात वेगळे दिसतच नाहीत. मग त्या श्रमातून वाढलेली संपत्ती कोणाच्या नावावर जमा झाली, हे विचारणार कोण?

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो : वस्तीवर जा, वही घ्या, रकाने आखा. उचल किती घेतली, फेड किती झाली, मजुरी कोणत्या तारखेला मिळाली, बाईच्या वाट्याला काय आले, जमीन कोणाची, जात कोणती. दहा घरांची अशी नोंद वाचून दाखवली की विषमता हा शब्द कोणाला समजावून द्यावा लागत नाही. आपल्या नियतकालिकांनी कवितेइतकीच जागा या वह्यांना दिली पाहिजे.