मातीचा राजवाडा आणि दोन बादल्या पाणी

लडाख पाहून आलेला मनुष्य बर्फाचे, सरोवरांचे आणि गोंपांचे वर्णन करतो. मला मात्र तेथील मातीविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कोकण किनाऱ्यावरील दाबाच्या दोनतृतीयांश इतकाच असतो. म्हणून पहिले दोन दिवस सक्तीची विश्रांती घ्यावी लागते. तिसऱ्या दिवशी धापा टाकीत मी राजवाड्यापर्यंत चढलो. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाच्या काळात उभा राहिलेला हा नऊमजली वाडा दगड, लाकूड आणि उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटा यांचा आहे. तेथील जुनी छपरे सपाट असतात. पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या आणि सर्वांत वर मातीचा थर. ज्याने मराठवाड्यातील माळवद पाहिले आहे, त्याला ही रचना परकी वाटणार नाही.

मातीचे बांधकाम इतकी वर्षे टिकले कसे? १८३४ नंतरच्या डोग्रा स्वाऱ्यांत राज्य गेले, राजघराणे स्तोक गावी राहावयास गेले, वाडा ओस पडला; तरी तो उभाच राहिला. याचे मोठे श्रेय कोरड्या हवेस आहे. हिमालयाच्या रांगा मोसमी ढगांना अडवितात आणि लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. सिंधूकाठच्या आल्ची येथील मंदिरांत मातीच्या गिलाव्यावरील शेकडो वर्षांपूर्वीची चित्रे आजही दिसतात, तीही याच कोरडेपणामुळे. उलट, पाणी मातीचे काय करते हे ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीने दाखविले. त्या एका रात्रीत शेकडो घरे गेली आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली.

अशा प्रदेशात पाणी येते ते मुख्यतः वितळत्या बर्फाचे. ते पाटाने शेतात जाते, पाळीपाळीने वाटले जाते. घरोघरचे संडासही कोरडे. माती टाकून तयार झालेले खत शेताला मिळे. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुले झाले. पुढे पाहुण्यांसाठी नळ, फ्लशचे संडास आणि विंधनविहिरी आल्या. पाहुण्यांचा हंगाम उन्हाळ्याचा, आणि शेताला पाणी लागते तेही त्याच दिवसांत.

हे मला तेथे जाण्यापूर्वी ठाऊक नव्हते. पहिल्याच संध्याकाळी मी दोन बादल्या गरम पाण्याने यथेच्छ स्नान केले. सकाळी पाहतो तो, घरच्या आजीबाई भाजी धुतलेले पाणी जपून वाफ्यात ओतीत होत्या. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. पण मी मनातून ओशाळलो.

पर्यटन बंद व्हावे, असे मी म्हणणार नाही. त्यावर तेथील अनेकांची चूल पेटते. परंतु प्राचीन वास्तू पाहावयास जाणे म्हणजे केवळ तिकीट काढून आत शिरणे नव्हे. ज्या काटकसरीच्या जगण्यातून ती वास्तू उभी राहिली, ते जगणे आपल्या पायी मोडू नये, एवढे भान पाहुण्याने ठेवावयास हवे. माझ्यापुरती मी त्याची सुरुवात एका बादलीपासून केली.