जुन्या टेपमधला डेटा गेला असं धरू नका : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या, बँकेच्या किंवा महाविद्यालयाच्या अडगळीत साडेदहा इंच व्यासाचं, अर्धा इंच रुंद टेप गुंडाळलेलं रीळ निघालं, तर ते भंगारात जाण्याचीच शक्यता जास्त. वाचायला मशीन नाही, चालवायला माणूस नाही, मग ठेवून काय करायचं, असा विचार होतो. पण १९७० आणि ८० च्या दशकांत मिनी कॉम्प्युटरवर लिहिलेल्या टेपमधून आजही फाइली काढता येतात. आड येतात त्या काही समजुती.

‘मिनी कॉम्प्युटर आपल्याकडे होतेच कुठे?’

होते, आणि आपल्याकडे तयारही झाले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा १२ बिटांचा कॉम्प्युटर उभा राहिला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. पुढे हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने ही मालिका चालवली आणि १६ बिटांचा टीडीसी-३१६ काढला. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या इन्फोसिसने बाहेरून मागवलेलं पहिलं मोठं मशीनही डेटा जनरल या मिनी कॉम्प्युटर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं होतं. जगभर सर्वांत गाजलं ते डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं १९७० सालचं पीडीपी-११.

‘इतक्या वर्षांत टेपचं चुंबकत्व उतरलं असेल.’

चुंबकत्व सहसा टिकतं. खराब होतो तो चुंबकीय भुकटी प्लॅस्टिकच्या पट्टीला धरून ठेवणारा चिकट थर. काही कंपन्यांच्या टेपमधला हा थर हवेतला ओलावा शोषून चिकचिकीत होतो. अशी टेप ड्राइव्हवर चढवली की हेडला चिकटते, किंचाळल्यासारखा आवाज करते आणि तपकिरी थर खरवडून निघतो. त्यासोबत डेटाही जातो. त्यावर उपाय म्हणजे ५०-५५ अंश सेल्सिअसच्या आसपास, नियंत्रित उष्णतेत काही तास टेप सुकवणं. मग ती काही दिवस वाचण्याजोगी होते आणि तेवढ्यात तिची प्रत करून घ्यायची असते. हे काम जाणकाराचं. घरच्या ओव्हनमध्ये करून पाहू नये.

अहिल्यानगरची कोरडी हवा इथे मदतीला येते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश, त्यामुळे कोकणातल्यापेक्षा टेपला ओलावा कमी लागतो. पण पत्र्याच्या शेडमधला उन्हाळा आणि कारखान्याच्या आवारातली धूळ टेपला मारक आहेत.

‘योग्य केबल मिळाली की झालं.’

हा समज सर्वांत जास्त वेळ खातो. मिनी कॉम्प्युटरचे अनेक टेप ड्राइव्ह पर्टेक नावाच्या जोडणीचे असत. त्यांना ५० पिनांच्या दोन रुंद पट्टी-केबली लागतात, आणि त्यांच्याशी बोलणारं कंट्रोलर कार्ड पीडीपी-११ च्या युनिबस किंवा क्यू-बस या आतल्या जोडमार्गावर बसवावं लागतं. स्कझी जोडणीचं प्रमाण १९८६ मध्ये ठरलं, यूएसबी त्यानंतर दहा वर्षांनी आली. म्हणून पर्टेक ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लागत नाही. नेहमीचे मार्ग दोन : चालू स्थितीतलं जुनं मशीन, नाही तर नंतरच्या काळातला स्कझी जोडणीचा नऊ ट्रॅकी ड्राइव्ह आणि साधा पीसी. त्यातही टेप एका इंचात ८००, १६०० की ६२५० अक्षरांच्या घनतेने लिहिली आहे ते पाहावं लागतं, कारण प्रत्येक ड्राइव्हला तिन्ही वाचता येत नाहीत.

‘टेपवर फाइली असतात, त्या कॉपी करायच्या.’

खरी मेख इथेच आहे. टेपवर फोल्डर नसतो, आणि बऱ्याचदा फाइलीला नावही नसतं. तिथे असतात एकामागून एक रेकॉर्ड, प्रत्येक दोन रेकॉर्डांमध्ये कोरी जागा, आणि फाइल संपली हे सांगणारी टेप मार्क नावाची खूण. १६०० घनतेच्या टेपवर ही कोरी जागा ०.६ इंच असते. पंचकार्डासारखी ८० अक्षरांची एकेक नोंद वेगळी लिहिली, तर नोंदीला लागतो ०.०५ इंच आणि मोकळ्या जागेला त्याच्या बारापट. २४०० फुटांच्या रिळावर मोकळी जागा न सोडता सुमारे ४६ मेगाबाइट मावले असते. अशा लिखाणात जेमतेम साडेतीन मावतात. म्हणून त्या काळचे प्रोग्रामर अनेक नोंदींचा एक ब्लॉक बांधून लिहीत.

टेप उतरवताना नुसती अक्षरं घेतली आणि रेकॉर्डांच्या सीमा पुसल्या, तर कुठली नोंद कुठे संपते हे पुढे कळत नाही. म्हणूनच सिमएच या, जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरची टेप-फाइल प्रत्येक रेकॉर्डाच्या आधी आणि नंतर त्याची लांबी लिहून ठेवते. माझं ठाम मत आहे की आधी अख्ख्या टेपची अशी जशीच्या तशी प्रत घ्यावी आणि अर्थ लावायचं काम नंतर करावं. आयबीएमच्या पद्धतीची अक्षरं असतील तर ती बदलून घेता येतात. पीडीपी-११ आणि दुसऱ्या मशीनमध्ये बाइटचा क्रम उलटा निघाला तर ‘यू-एन-आय-एक्स’चं ‘एन-यू-एक्स-आय’ होतं, पण तेही दुरुस्त होतं. पुसलेली सीमा मात्र परत मिळत नाही.

‘फाइल हलवायला टेप ड्राइव्ह लागतोच.’

मशीन चालू असेल आणि फाइली लहान असतील, तर नाही. पीडीपी-११ ला टीयू५८ नावाचा छोटा कॅसेट ड्राइव्ह लागायचा. एका कॅसेटमध्ये २५६ किलोबाइट मावत आणि जोडणी साध्या सीरियल तारेची होती. आज लॅपटॉपवरचा प्रोग्राम त्याच तारेवरून टीयू५८ असल्याची बतावणी करतो, आणि जुनं मशीन त्यावरून सुरूसुद्धा होतं. कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये जन्मलेला, तारेवरून फाइली पाठवणारा कर्मिट हा दुसरा भरवशाचा मार्ग. मात्र ९६०० बॉडच्या तारेवरून सेकंदाला ९६० अक्षरं जातात. ४६ मेगाबाइटला तेरा तासांहून जास्त लागतील.

तुमच्या संस्थेत असं रीळ असेल तर ते उलगडू नका. मागच्या खाचेत प्लॅस्टिकची कडी असेल तर काढून ठेवा, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही. रीळ डब्यात, उभं, थंड खोलीत ठेवा. लेबलवरचा मजकूर उतरवून घ्या. ते कोणत्या मशीनवर चालायचं आणि नोंदींची रचना कशी होती, हे त्या काळच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा.